टिक न केलेला चेकबॉक्स: पॉवर अ‍ॅप्स पोर्टलमध्ये ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्या कशा राहिल्या

२४ मे २०२१ रोजी अपगार्ड या सायबर सुरक्षा कंपनीतल्या एका विश्लेषकाच्या लक्षात आलं, की एका संस्थेच्या पोर्टलवरची लोकांची खासगी माहिती लॉगिन न करताच वाचता येते आहे. त्यासाठी पासवर्ड फोडावा लागला नव्हता, की कुठल्या फटीतून आत शिरावं लागलं नव्हतं. पोर्टलच्या पत्त्यापुढे एक ठरलेला तुकडा जोडला की सर्व्हर आपणहून सगळी यादी पुढ्यात ठेवत होता. अपगार्डनं संस्थेला कळवलं, संस्थेनं यादी बंद केली.

एरवी प्रकरण इथंच मिटलं असतं. पण ते पोर्टल कुणी ओळ न् ओळ कोड लिहून बांधलेलं नव्हतं. ते मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्स पोर्टल या लो-कोड प्लॅटफॉर्मवर उभं होतं. एका साच्यातून निघालेल्या एका भांड्याला गळती असेल, तर बाकीची भांडीही तपासायला हवीत. अपगार्डनं ती तपासायला घेतली. शेकडो पोर्टल आणि त्यांवरच्या हजाराहून अधिक याद्या कुणालाही वाचता येत असल्याचं दिसलं. त्यांतल्या कितीतरी याद्या सार्वजनिकच असायला हव्या होत्या, म्हणून कुठली यादी चुकून उघडी आहे हे एकेक पाहून ठरवावं लागलं. २३ ऑगस्ट २०२१ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा आकडा होता ४७ संस्था आणि ३ कोटी ८० लाख नोंदी. अमेरिकन एअरलाइन्स, फोर्ड, मालवाहतूक करणारी जे. बी. हंट, मेरीलँड राज्याचं आरोग्य खातं, इंडियाना राज्य, न्यूयॉर्क शहरातल्या शाळा अशी नावं त्यात होती. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचंही नाव होतं.

मी लो-कोडवर व्यवसायासाठी लागणारी अ‍ॅप्लिकेशन बांधते आणि दुसऱ्यांनी बांधलेली तपासूनही देते. हे प्रकरण मी दर वेळी नव्या टीमला सांगते, कारण या सगळ्यात कुणी मूर्खपणा केलेला नाही. ४७ संस्था एकाच वेळी बेफिकीर झाल्या असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

एकाच खोलीला दोन दारं

लो-कोड हा शब्द फॉरेस्टर या संशोधन संस्थेनं २०१४ मध्ये रूढ केला. पडद्यावर टेबल तयार करायचं, त्यावर फॉर्म बसवायचा, यादी ओढून आणून ठेवायची, बटणाला काम नेमून द्यायचं. कोड लिहावा लागलाच तर अगदी थोडा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर प्लॅटफॉर्ममध्ये हा डेटा डेटाव्हर्स नावाच्या साठवणीत राहतो. २०२० पर्यंत त्याचं नाव कॉमन डेटा सर्व्हिस होतं. संस्थेच्या आतल्या लोकांसाठी अ‍ॅप, आणि बाहेरच्यांसाठी, म्हणजे ग्राहक, अर्जदार, नागरिक यांच्यासाठी, त्याच डेटावर बसवलेलं संकेतस्थळ म्हणजे पोर्टल. हे उत्पादन मुळात अ‍ॅडएक्सस्टुडिओ नावाच्या कंपनीचं. मायक्रोसॉफ्टनं ती २०१५ मध्ये विकत घेतली. २०१९ मध्ये पॉवर अ‍ॅप्स पोर्टल हे नाव आलं आणि २०२२ पासून त्यालाच पॉवर पेजेस म्हणतात.

पोर्टलचा जन्मच बाहेरच्या माणसाला काहीतरी दाखवण्यासाठी झालेला आहे, हे विसरून चालणार नाही. लसीकरणाचं पोर्टल घ्या. केंद्रांचे पत्ते आणि मोकळ्या वेळा सगळ्यांना दिसायलाच हव्यात, त्यासाठी लॉगिन मागणं म्हणजे लोकांना ताटकळत ठेवणं. पण त्याच पोर्टलवर, त्याच डेटाव्हर्समध्ये, शेजारच्या टेबलात लस घेणाऱ्यांची नावं, जन्मतारखा, फोन नंबर आहेत. बांधणाऱ्यासाठी दोन्ही टेबलं सारखीच. दोन्हींवर यादी बसवायची रीतही तीच आणि पडदाही तोच.

ही यादी, म्हणजे पोर्टलच्या भाषेत लिस्ट, तयार करताना बरेच पर्याय समोर येतात: कुठलं टेबल, कुठला व्ह्यू (म्हणजे त्यातलं काय दाखवायचं), एका पानावर किती ओळी, शोधायची सोय हवी का. त्याच फॉर्मवर या प्रकरणातले दोन चेकबॉक्स होते. एक ओडेटा फीड सुरू करण्याचा. दुसरा टेबल परवानग्या लागू करण्याचा.

ओडेटा हा डेटा मागण्याचा आणि देण्याचा एक खुला, सर्वमान्य नियम. पान माणसासाठी असतं, तर फीड प्रोग्रामसाठी. रंग नाहीत, चौकटी नाहीत, नुसता मजकूर: महिरपी कंस, त्यात नाव, विसर्गचिन्ह, मूल्य, स्वल्पविराम, पुढचं नाव. पोर्टलच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ, अंडरस्कोर आणि ओडेटा एवढं टाइप केलं की कुठकुठल्या याद्यांचं फीड सुरू आहे ते दिसत असे. त्यातल्या एका यादीचं नाव पुढे जोडलं की नोंदी धडाधड येऊ लागत.

दुसरा चेकबॉक्स रिकामा असेल तर हे फीड कुणालाही, कसलीही तपासणी न होता मिळत असे. यादी ज्या पानावर बसवली आहे ते पान तुम्ही लॉगिनमागे ठेवलं असलं तरीही! खरा गोंधळ इथं होता. बांधणारा माणूस पान उघडतो, लॉगिनची खिडकी येते, त्याला हायसं वाटतं. त्यानं कुलूप लावलेलं असतं आणि ते नीट लागलेलंही असतं. फक्त खोलीला दुसरं दार आहे, ते त्याच्या पडद्यावर कधी आलेलंच नसतं. फीड त्यानं कदाचित सहा महिन्यांपूर्वी एका अहवालासाठी सुरू केलेलं असतं. अहवाल बंद पडतो, फीड तसंच राहतं.

दस्तऐवजात इशारा नव्हता असं नाही. टेबल परवानग्या लागू नसतील तर ओडेटा फीड निनावी वापरकर्त्यालाही तपासणीशिवाय मिळतं, संवेदनशील माहितीबाबत जपून, असं मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर लिहिलेलं होतं. पण ज्याला आपण दार बसवलं आहे हेच ठाऊक नाही, तो दाराच्या कुलपाबद्दलचं पान कशाला उघडेल?

टिक केली की काय होतं

दुसरा चेकबॉक्स मूळ स्थितीत रिकामा होता, हे या प्रकरणाचं मर्म. पण तो भरला की काय होत असे हेही सांगायला हवं, कारण लोक तो रिकामा का ठेवत होते ते त्याशिवाय कळत नाही.

टेबल परवानग्यांची रचना तशी भक्कम आहे. परवानगीची नोंद करायची: हे टेबल, ही क्रिया (वाचणं, बदलणं, नवी नोंद, पुसणं), ही व्याप्ती. व्याप्ती म्हणजे सगळ्या नोंदी, की फक्त त्या व्यक्तीशी जोडलेल्या, की तिच्या कंपनीशी जोडलेल्या. मग ती परवानगी एखाद्या वेब भूमिकेला द्यायची: लॉगिन केलेले, निनावी, किंवा आपण ठरवलेली कुठलीही भूमिका. एकदा चेकबॉक्स भरला की ज्याला परवानगी नाही त्याला काहीच दिसत नाही. म्हणजे दार आधी बंद, मग ज्याला द्यायची त्याला किल्ली. असंच हवं.

पण बांधणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. संध्याकाळ झाली आहे, उद्या पोर्टल सुरू करायचं आहे. तुम्ही यादी बसवली, ती छान दिसते आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून तो चेकबॉक्स भरला. पान ताजं केलं आणि यादी गायब. तुम्हाला या नोंदी पाहायची परवानगी नाही, असा संदेश. मघाशी चालत होतं, आता बंद पडलं. मधे काय बदललं? तो एक चेकबॉक्स. मग हात आपोआप तिकडे जातो, टिक काढली जाते, यादी परत येते. काम झालं, असं वाटतं. सुरक्षेचं पाऊल उचललं की अ‍ॅप मोडल्यासारखं दिसतं, आणि ते मागे घेतलं की अ‍ॅप दुरुस्त झाल्यासारखं दिसतं. हे मी इतक्यांदा, इतक्या हुशार माणसांच्या बाबतीत पाहिलं आहे, की प्रशिक्षण कमी पडलं हे उत्तर मला पटेनासं झालं आहे.

कोड लिहिणाऱ्यालाही अशा चुका होतात, पण त्याच्याकडे निदान एक जागा असते. फीड द्यायचं तर त्याला त्याचा मार्ग स्वतः लिहावा लागतो. लिहिताना कुणाला द्यायचं हा प्रश्न बोटांखालून जातो, आणि कोड तपासणारा दुसरा माणूस तीच ओळ वाचतो. लो-कोडमध्ये ती ओळ नाहीशी होते. प्रश्न मात्र तिथंच राहतो, फक्त आता त्याचं उत्तर प्लॅटफॉर्मनं आधीच देऊन ठेवलेलं असतं. चेकबॉक्स रिकामा असणं हाही एक निर्णय आहे. तो माझ्या नावावर नोंदला जातो, पण घेतलेला दुसऱ्याच कुणीतरी असतो.

पाच दिवसांत आलेलं उत्तर

अपगार्डनं २४ जून २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा केंद्राकडे रीतसर अहवाल दिला. कसं तपासायचं याच्या पायऱ्या दिल्या, संवेदनशील माहिती उघडी असलेल्या पोर्टलचे पत्तेही दिले. २९ जूनला प्रकरण बंद झालं. हे वर्तन बाय डिझाइन आहे, म्हणजे रचनेनुसारच आहे, असा निर्वाळा देण्यात आला.

या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही. सॉफ्टवेअर जसं बांधलं होतं तसंच चालत होतं आणि तसं लिहूनही ठेवलं होतं. सुरक्षा केंद्रांकडे रोज ढिगानं अहवाल येतात. त्यांची चाळणी एका प्रश्नावर चालते: उत्पादनात दोष आहे, की ग्राहकानं ते चुकीच्या पद्धतीनं लावलं आहे? दोष असेल तर दुरुस्ती निघते, नसेल तर विषय ग्राहकाचा. या चाळणीतून हे प्रकरण खाली पडलं.

माझ्या मते ती चाळणीच लो-कोडला पुरत नाही. ज्या प्लॅटफॉर्मचं वचनच असं आहे की तुम्ही प्रोग्रामर नसलात तरी चालेल, त्या प्लॅटफॉर्मला ग्राहकानं चुकीचं लावलं असं म्हणण्याचा हक्क फार थोडा उरतो. आणि ४७ जणांच्या यादीत मायक्रोसॉफ्ट स्वतः असणं हा मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. त्यांच्या जागतिक वेतनसेवेशी संबंधित पोर्टलवर तीन लाखांहून अधिक ईमेल पत्ते आणि कर्मचारी क्रमांक उघडे होते. ज्यांच्या घरात प्लॅटफॉर्म बनतो, ज्यांना तो बनवणाऱ्यांशी थेट बोलता येतं, त्यांच्याही हातून तेच झालं. मग बाकीच्यांनी दस्तऐवज नीट वाचायला हवा होता, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

प्रकरण बंद झाल्यावर अपगार्डनं जुलैपासून संस्थांना एकेक करून कळवायला सुरुवात केली. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. एका अनोळखी कंपनीकडून ईमेल येतो, की तुमच्या लोकांची माहिती आमच्याकडे आहे. तो कुणाकडे जावा, त्यावर विश्वास कुणी ठेवावा, आणि ज्या पोर्टलबद्दल तो आहे ते बांधलं कुणी, हेच अनेक ठिकाणी लगेच सांगता येत नाही. लो-कोडवर बांधलेल्या गोष्टींची ही ठरलेली अडचण आहे. माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या वहीत त्यांची नोंद पुष्कळदा नसतेच.

इंडियाना: हे शिरणं होतं का?

४७ पैकी एक गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. इंडियाना राज्यानं कोविड रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा माग काढण्यासाठी ऑनलाइन प्रश्नावली ठेवली होती. जवळपास साडेसात लाख लोकांची उत्तरं उघडी राहिली: नाव, पत्ता, ईमेल, लिंग, वंश, जन्मतारीख.

ऑगस्टमध्ये राज्यानं लोकांना याची माहिती दिली तेव्हा एका कंपनीनं अनधिकृतपणे हा डेटा मिळवला, अशी मांडणी केली. अपगार्डचं म्हणणं वेगळं होतं: डेटा कुणालाही वाचता येत होता, आम्ही तो पाहिला आणि तुम्हाला सांगितलं. डेटा नष्ट केल्याचं अपगार्डनं राज्याला लेखी दिलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. राज्याच्या अधिकाऱ्यांनी कधीही हा डेटा खुला करा असं ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं जो आत आला तो परवानगीवाचून आला. सर्व्हरच्या दृष्टीनं मात्र परवानगी विचारण्याचा प्रसंगच आला नाही. त्याला प्रश्न विचारला गेला, त्यानं उत्तर दिलं. ज्या घराला दार आहे हे घरमालकालाच ठाऊक नाही, त्या दारातून आलेल्याला काय म्हणायचं, हा वाद तिथं पेटला. पण तो पेटला म्हणून एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. त्या साडेसात लाख लोकांसाठी हा वाद बिनमहत्त्वाचा होता. आपली जन्मतारीख आणि पत्ता अपगार्डखेरीज आणखी कुणी वाचला का, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्याचं उत्तर वादात नसतं, ते सर्व्हरच्या नोंदवहीत असतं. ती वही ठेवायची का, किती दिवस ठेवायची, हीसुद्धा एक सेटिंगच असते.

मग काय बदललं

मायक्रोसॉफ्टनं पुढे दोन गोष्टी केल्या. नव्यानं तयार होणाऱ्या पोर्टलमध्ये टेबल परवानग्या सक्तीच्या झाल्या, चेकबॉक्स काहीही म्हणो. आणि पोर्टल तपासणाऱ्या साधनात, निनावी वापरकर्त्याला वाचता येणाऱ्या याद्या शोधून दाखवण्याची सोय आली. हे दोन्ही चांगले बदल आहेत. जे जूनमध्ये रचनेनुसार होतं, ती रचनाच बदलली.

अशा प्रकरणांचा शेवट बहुतेक इथंच होतो. मोंगोडीबी हा डेटाबेस नेटवर्कवरच्या कुणालाही जोडता येईल अशा स्थितीत चालवला गेल्यामुळे जानेवारी २०१७ मध्ये हजारो ठिकाणचा डेटा पुसून खंडणी मागितली गेली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून तो मूळ स्थितीत फक्त स्वतःच्याच यंत्राशी बोलू लागला. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ साठवणीतून वर्षानुवर्षं गळती होत राहिली. शेवटी एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटला, म्हणजे साठवणीच्या नव्या कप्प्याला, सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद ठेवला गेला. दोन्हीकडे आधी कित्येक वर्षं वापरणाऱ्यांनी काळजी घ्यावी असंच सांगितलं जात होतं.

डीफॉल्ट, म्हणजे मूळ स्थिती, बदलल्यानं सगळं सुटतं असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपओम्नी या सुरक्षा कंपनीनं पॉवर पेजेसबद्दल पुन्हा तेच सांगितलं. त्यातल्या एका प्रकरणात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या पोर्टलमधून ११ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती उघडी होती: ईमेल, फोन, अनेकांचे घरचे पत्तेसुद्धा. या वेळी चेकबॉक्स दोषी नव्हता. परवानग्या लागू होत्या, पण निनावी भूमिकेला सगळ्या नोंदी वाचण्याची परवानगी दिलेली होती. शिवाय वेब एपीआयला, म्हणजे प्रोग्रामना डेटा देणाऱ्या पोर्टलच्या आणखी एका दाराला, कुठले रकाने द्यायचे तिथं एकेक नाव लिहिण्याऐवजी तारांकन टाकलं, की टेबलातले सगळेच रकाने खुले होतात. पोर्टलवर कुणालाही खातं उघडता येत असेल, तर लॉगिन केलेले या भूमिकेत सगळं जग येतं, हेही अनेकांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की मला फरक असा दिसतो. २०२१ मध्ये बांधणाऱ्याला विचारलंच गेलं नव्हतं. २०२४ मध्ये विचारलं गेलं, पण ज्या शब्दांत विचारलं ते त्याला कळले नाहीत. निनावी वापरकर्ते, व्याप्ती: सगळ्या नोंदी, क्रिया: वाचणं. हे तीन पर्याय एका ओळीत निवडताना, मी आता ११ लाख माणसांचे पत्ते रस्त्यावर मांडतो आहे, असं कुठल्याही पडद्यावर लिहून येत नाही. ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पर्याय जतन करण्याआधी प्लॅटफॉर्मनं त्या टेबलातल्या खऱ्या पाच ओळी दाखवाव्यात आणि सांगावं: लॉगिन नसलेल्या माणसाला हे असं दिसेल.

आमच्याकडचं एक पोर्टल

हे प्रकरण वाचल्यानंतर मी माझ्या हाताखालून गेलेली पोर्टल पुन्हा तपासली. त्यातलं एक पुरवठादारांच्या नोंदणीचं. प्लॅटफॉर्म वेगळाच होता, कंपनीही वेगळी. लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी ते एकट्यानं, आठवड्याभरात बांधलं होतं. आधी पुरवठादार कागद पाठवत, ते हरवत, देयकं अडकत. या पोर्टलनं ते थांबलं. काम सुरेख होतं, आजही मी नवख्यांना ते नमुना म्हणून दाखवते.

मी आधी एक खोटा पुरवठादार नोंदवला, कुठंही चुकून सापडणार नाही अशा विचित्र नावाचा. मग ब्राउझरची खासगी खिडकी उघडली, लॉगिन केलं नाही, आणि त्या प्लॅटफॉर्मच्या फीडचा पत्ता टाकला. पडदा पांढरा झाला आणि महिरपी कंसांनी भरला. त्या विचित्र नावावर शोध घेतला. ते सापडलं. त्याच्या वरच्या ओळीत एका खऱ्या कंपनीचं नाव होतं, पुढे मालकाचा फोन नंबर आणि बँक खात्याचा क्रमांक.

अधिकारी माझ्या शेजारीच उभे होते. पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पण मॅडम, मी कुणालाच परवानगी दिली नव्हती."

"नव्हतीच दिली, सर," मी म्हणाले. "इथं ती न देणं म्हणजेच देणं आहे."

आधी आम्ही फीड बंद केलं. त्यानंतर परवानग्या लागू केल्या. अपेक्षेप्रमाणे यादी सगळ्यांनाच दिसेनाशी झाली आणि अर्ध्या तासात दोन पुरवठादारांचे फोन आले. अधिकाऱ्यांनी टिक काढली नाही. दुपारभर बसून त्यांनी भूमिका नीट लावल्या. पुरवठादाराला फक्त त्याची स्वतःची ओळ, लेखा विभागाला सगळ्या ओळी, निनावी माणसाला फक्त कोरा नोंदणी अर्ज. बँकेचा तपशील त्यांनी वेगळ्या टेबलात हलवला आणि त्या टेबलावर यादी ठेवलीच नाही. संध्याकाळी मी पुन्हा खासगी खिडकी उघडली. खोटा पुरवठादार आता सापडला नाही.

मग आम्ही सर्व्हरच्या नोंदवहीतल्या नोंदी पाहायला गेलो, फीड आधी कुणी वाचलं का ते शोधायला. प्लॅटफॉर्मनं ३० दिवसांच्याच ठेवल्या होत्या. पोर्टल त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं.

पुरवठादारांना पत्र लिहायचं ठरलं. पहिल्या मसुद्यात कुणीतरी लिहिलं होतं, की काही तांत्रिक कारणांमुळे आपली माहिती अंशतः उपलब्ध झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अधिकाऱ्यांनी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "पोर्टल सुरू झाल्यापासून परवापर्यंत आपलं नाव, फोन नंबर आणि बँक खात्याचा क्रमांक लॉगिनशिवाय वाचता येत होता. तो कुणी वाचला का, हे आमच्याकडच्या नोंदींवरून आम्हाला सांगता येत नाही." खाली त्यांनी आपलं नाव आणि टेबलवरच्या फोनचा नंबर दिला. पुढचे तीन दिवस तो फोन वाजत होता, आणि प्रत्येक वेळी तो त्यांनीच उचलला.